न्यूट्रिनोने गळलेली संत्री

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मॅडम, तुमच्या कामातले थरारक अनुभव लिहा," ते म्हणाले. "वाचकांना ब्रह्मांडाची सफर घडवा." मी हो म्हटलं, कारण मेथी बरीच होती आणि फोन ठेवायचा होता.

लिहायला बसल्यावर लक्षात आलं की थरार हा पोलिसांना, सर्जनांना आणि जंगल खात्यातल्या माणसांना मिळतो. माझं काम असं होतं: जो कण कुणालाच दिसत नाही, तो जिथून निघाला असावा ती जागा शोधायची. ती जागा इतकी लांब की तिथे जाऊन कुणी खातरजमा करू शकत नाही. आणि एवढं सगळं झाल्यावर 'बहुतेक' असं लिहून खाली नाव घालायचं. अख्खी नोकरी मी खुर्चीत बसून केली. थरारच सांगायचा तर एकदा त्या खुर्चीचं चाक निसटलं होतं.

मी मूळची मोर्शीची. आमची संत्र्याची बाग आहे. त्याआधी आजोबा भाजीपाला आणि झेंडू लावायचे. शिकायला बाहेर पडले, दक्षिणेतल्या एका संस्थेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता अमरावतीत फ्लॅटमध्ये राहते. बिल्डिंगमधल्या सर्वांची समजूत आहे की मी हवामान खात्यात होते. सुरुवातीला मी ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला.

"म्हणजे रॉकेट?" खालच्या मजल्यावरच्या देशमुख काकांनी विचारलं.

"नाही. न्यूट्रिनो. एक प्रकारचा कण असतो."

"बरं बरं. त्याचं काय करायचात तुम्ही?"

"तो कुठून आला ते शोधायचे."

काकांनी वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे, पण पाऊस कसा आहे यंदा?"

आता मी 'सरासरीइतका' असं सांगते. काकांना समाधान आहे, मलाही.

ज्यांना पावसापलीकडे उत्सुकता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बऱ्याच आकाशगंगांच्या मध्यभागी अवाढव्य कृष्णविवर असतं. त्यातली काही शांत बसलेली असतात, आपल्या आकाशगंगेतल्यासारखी. काहींना मात्र भूक असते. आजूबाजूचा वायू, धूळ, सापडेल ते ओढून घेतात, आणि त्या धबडग्यात काही माल आत न जाता प्रचंड वेगाने झोताच्या रूपाने बाहेर फेकला जातो. अशांना आम्ही सक्रिय आकाशगंगा म्हणतो. एखादीचा झोत नेमका आपल्या दिशेने असला की ती आपल्याला झगमगताना दिसते, अधूनमधून भडकतेही. या उद्योगात न्यूट्रिनो तयार होतात, असा आमचा अंदाज होता.

न्यूट्रिनोची खुबी अशी की तो कशालाच अडत नाही. विद्युतभारित कण मात्र वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांमुळे इतकी वळणं घेतात की इथे पोचल्यावर त्यांच्या दिशेला काही अर्थच उरत नाही. तीन ठिकाणी गाडी बदलून आलेल्या पाहुण्याला बस कुठून आली विचारल्यासारखं ते होतं. न्यूट्रिनो नाकासमोर चालतो. धूळ, तारे, पृथ्वी, आपण स्वतः, सगळ्यातून आरपार जातो. म्हणून तो सापडला तर त्याचा माग काढता येतो. अडचण एवढीच की जो कशालाच अडत नाही तो आपल्यालाही सापडत नाही.

यावर माणसाने उपाय काढला तो असा. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात खोल भोकं पाडली आणि त्यांत प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांच्या लांबच लांब माळा सोडल्या. असंख्य न्यूट्रिनो आरपार निघून जातात. एखादाच बर्फातल्या अणूला धडकतो. त्या धडकेतून निघालेला कण बर्फात निळसर उजेडाची रेघ ओढत जातो. ती रेघ ज्या दिशेने आली, ती आपली दिशा. मग जगभर सगळ्यांना ईमेल जातो: अमुक दिशेने एक जोरकस न्यूट्रिनो आला आहे, बघा काही दिसतंय का.

तो ईमेल माझ्याकडे यायचा. दिशा कधीच नेमकी नसायची. आभाळातला एक पट्टा मिळायचा, पौर्णिमेचे काही चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. त्या पट्ट्यात कुठल्या सक्रिय आकाशगंगा आहेत, त्यांतली एखादी नेमकी त्याच सुमारास भडकली होती का, हे तपासायचं काम माझं. घराच्या खिडकीतून दगड येऊन पडला, तर कुठल्या गल्लीतून आला एवढं कळतं. मग त्या गल्लीत आज कुणाच्या घरी भांडण झालं ते विचारत फिरायचं. बहुतेक वेळा गल्लीत सगळे जेवून झोपलेले असायचे.

अनुदान देणाऱ्या समितीपुढे दर काही वर्षांनी उभं राहावं लागायचं. "समाजाला याचा उपयोग काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मीही ठरलेलं उत्तर द्यायची: प्रगत उपकरणं, प्रशिक्षित मनुष्यबळ, राष्ट्राची प्रतिष्ठा. चेहरा गंभीर ठेवून उपयोग सांगण्यात माझा हात इतका बसला होता की एकदा मी शेतीलाही अप्रत्यक्ष लाभ होईल असं बोलून गेले. शेतीचा आणि न्यूट्रिनोचा संबंध पुढे माझ्याच गावाने जोडला, तो मात्र फारसा अप्रत्यक्ष नव्हता.

ते सगळं सुरू झालं अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात. माझ्या थोरल्या भावाच्या, दिनकरदादाच्या, मुलीचा साखरपुडा होता. मुलगा अकोल्याचा. मे महिना, अकोल्याचं ऊन, आणि हॉलच्या चारी कोपऱ्यांत कुलर लावलेले, ज्यांच्यासमोरच्या खुर्च्या मुलाकडच्या मंडळींनी आधीच धरून ठेवलेल्या. अंगठ्या घालून झाल्या आणि माझ्या फोनवर तो ईमेल आला.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जिथे पत्रावळींचे गठ्ठे ठेवले होते तिथे, एका गठ्ठ्यावर मांडला. पट्टा आखला. त्यात एक सक्रिय आकाशगंगा होती. बाकीचं सगळं फिकट, लांबचं, दखल घेऊ नये असं. ही एकच जरा ठसठशीत, आणि तिचा झोत आपल्याच दिशेला.

संस्थेतला माझा सहकारी व्यंकट, त्याला फोन लावला. हा अतिशय हुशार आणि अतिशय सावध माणूस. रस्ता ओलांडतानाही तो आकडेमोड करतो असं आम्ही म्हणायचो.

"पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहिलं. पण सूर्य त्या बाजूला सरकतोय. संध्याकाळी पश्चिमेला थोडा वेळ दिसेल, मग मावळेल. आठवड्याभरात तर उजेडातच बुडेल."

"म्हणजे आजच बघायला हवं."

"आज बघायचं तर हिमालयातल्या दुर्बिणीवर दुसऱ्याचं काम थांबवावं लागेल. मध्येच घुसायची आपली या हंगामातली शेवटची परवानगी शिल्लक आहे. ती वापरली आणि तिथे काहीच निघालं नाही, तर पुढचा खरा न्यूट्रिनो आला की आपण हात चोळत बसू. दिशा सुधारून येऊ दे. थोडं थांबूया."

तेवढ्यात दादा आला. लग्नातला ठेवणीतला सदरा, कपाळावर टिळा, आणि चेहऱ्यावर वधूपित्याचा घाम.

"काय वं शोभे, सगळे पंगतीले बसले अन् तू इथं पत्रावळीवर काय करून राहिली?"

"एक मिनिट, दादा. काम आलंय."

"आज? साखरपुड्यात? कोनाचं काम?"

आता कोणाचं म्हणून सांगणार. मी वरती बोट केलं. दादाने वर पंख्याकडे पाहिलं आणि तो पंगतीकडे निघून गेला.

साखरपुडा लावणारे गुरुजी शेजारीच ताक घेत उभे होते. त्यांनी मात्र खऱ्या आस्थेने विचारलं, "ताई, कुठल्या राशीत आहे म्हणता ते?"

"वृषभेत, गुरुजी."

"अरे! मुलाची वृषभच आहे." ते अस्वस्थ झाले. "शुभ की अशुभ?"

आयुष्यभर मला भेटलेल्या बिगरशास्त्रज्ञांत कण कुठल्या तारकासमूहातून आला हे विचारणारे तेवढे एकच गृहस्थ. मी त्यांना सांगितलं की तो कण निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, त्यामुळे मुलाचा त्यात काही दोष नाही. गुरुजींना ते पटलं आणि त्यांनी आणखी एक ग्लास ताक घेतलं.

मी व्यंकटला सांगितलं, "परवानगी वापर. आजच. मी जबाबदार."

"शोभा, नीट विचार कर."

"केला. तू कर फोन."

विचार वगैरे मी काही केला नव्हता. त्या पट्ट्यात ती एकटीच होती, आणि इतकी वर्षं रिकाम्या गल्ल्यांतून हिंडल्यावर एका घरात दिवा दिसला तर माणूस दार वाजवणारच.

घर रिकामं नव्हतं. दुर्बिणीने त्या संध्याकाळी पाहिलं तर आकाशगंगा नेहमीपेक्षा कितीतरी उजळ. गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाच्या नोंदी निघाल्या, तर तिथेही ती त्याच सुमारास भडकलेली. सुधारित दिशा आली, पट्टा आक्रसला, आणि आमची आकाशगंगा त्यात राहिली. कडेला होती, पण आत होती. व्यंकटने फोनवर फक्त "हं" म्हटलं. त्याचा तो 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचा ढोल-ताशा समजावा.

मग शोधनिबंध लिहिण्यात वर्ष गेलं. नावांची यादी निबंधापेक्षा लांब झाली, हे आमच्या धंद्यात चालतं. सगळा वाद एका वाक्यावर होता. न्यूट्रिनो येणं आणि आकाशगंगा भडकणं एकाच वेळी झालं, हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता फार थोडी होती. पण शून्य नव्हती. म्हणून आम्ही 'शोध' हा शब्द वापरला नाही; 'संकेत' म्हटलं. कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला आम्ही लिहून दिलं की आपण बहुधा तिथूनच आला असाल.

हे 'बहुधा' मोर्शीपर्यंत टिकलं नाही. एका पेपरचा बातमीदार फोनवर माझ्याशी चांगला वेळ बोलला. मी त्याला सांगितलं की अतिदूरच्या आकाशगंगेतून निघालेले कण पृथ्वीवर पोचतात आणि त्यांचा उगम आम्ही शोधला. दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'मोर्शीच्या कन्येने आणले अवकाशातील किरण पृथ्वीवर'. पोचतात आणि आणले यांत त्याला फारसा फरक दिसला नसावा. सोबत माझा कॉलेजातला दोन वेण्यांचा फोटो होता. तो त्याला कुठून मिळाला हे मला अजून कळलेलं नाही. दादाच्या बायकोवर माझा संशय आहे, आणि तो 'बहुधा'च्या बराच पुढे गेलेला आहे.

मग अर्थात सत्कार. मोर्शीत, आषाढात, बाहेर चिखल. शाल, श्रीफळ, आणि एक स्मृतिचिन्ह, ज्यावर 'न्यूट्रॉन संशोधिका' असं कोरलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की या किरणांमध्ये अफाट शक्ती असून उद्या शत्रूला धडा शिकवायला ते कामी येतील. टाळ्या पडल्या. मी उत्तराच्या भाषणात ते दुरुस्त करायचं ठरवलं होतं, पण तोवर लाइट गेली आणि माइक बंद पडला. जे ऐकू आलं ते पाहुण्यांचं, आणि तेच घरोघर गेलं.

त्या वर्षी पाऊस थांबेना. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडच्या बागांमध्ये फळं गळायला लागली. गळ दरवर्षी थोडी होतेच, पण ही वेगळी होती. सकाळी बागेत जावं तर झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. ज्या झाडाकडे बघून वर्षभराचं ठरवायचं, ते झाड रोज थोडं थोडं रिकामं होताना बघणं काय असतं, हे बागवाल्याला सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून कळत नाही. अशा वेळी माणसाला कारण हवं असतं, आणि कारण मिळालं की त्याला नावगाव असलेलं बरं वाटतं. नावगाव तयारच होतं. फोटोसकट पेपरात आलं होतं.

मला हे दादाने सांगितलं नाही. वहिनीचा फोन आला. "ताई, लोकं काहीबाही बोलून राहिले. ह्यांच्या तोंडावर बोलत नाहीत, पण देवळात हे गेले की सगळे गप होतात. तुम्ही एकदा येऊन जा."

मी सुट्टी टाकून गेले. गेले ते आत्मविश्वासाने. मोठमोठ्या समित्यांना पटवलेलं मी, आपल्याच माणसांना पटवायला कितीसा वेळ लागणार?

दादाच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. आजूबाजूचे बागवाले आले, काही चपला घालूनच बसले. म्हणजे जास्त वेळ थांबायचा विचार नव्हता. बोलायचं काम नानाभाऊंकडे होतं. नानाभाऊंची बाग आमच्या बांधाला लागून. लहानपणी त्यांच्या बागेतली फळं मी चोरून खाल्लीत आणि त्यांनी ती खाऊ दिलीत. गोड बोलणारा, सावकाश बोलणारा, आणि म्हणून जास्त धोक्याचा माणूस.

"शोभाताई, आमी भांडाले नाही आलो," ते म्हणाले. "तुमी आमच्या गावच्या लेकी. फक्त इचाराले आलो. हे जे किरन तुमी आनले..."

"नानाभाऊ, मी आणले नाहीत. ते येतच असतात. तुम्ही जन्मायच्या आधीपासून, संत्र्याचं पहिलं झाड इथे लागलं त्याच्याही आधीपासून."

"असं असं." त्यांनी मान डोलावली. "गळही पहिलेपासूनच हाये बाप्पा."

मागून दोघेतिघे 'हो ना' म्हणाले. मला पहिल्यांदा जाणवलं की पायाखालची सतरंजी सरकते आहे.

मग मी बाह्या सरसावल्या. जन्मभर हा कण किती महत्त्वाचा आहे हे सांगत आले होते. त्या अंगणात मी तो किती निरुपयोगी आहे हे सांगायला लागले. तो काही करत नाही. कुणाला लागत नाही. आत्ता या क्षणी तुमच्यातून, माझ्यातून, या चहाच्या कपातून असंख्य जाताहेत, चहाला पत्ता नाही. झाडातून जातात, फळातून जातात, खोडातून जातात, पानसुद्धा हलत नाही. जगात याच्याइतका बिनकामाचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला कण दुसरा नाही. समितीतली मंडळी तिथे बसलेली असती तर त्यांनी माझं सगळं अनुदान व्याजासह परत मागितलं असतं. आणि इतकं मन लावून, इतकं खरं भाषण मी कुठल्याच समितीपुढे केलं नव्हतं.

एकदोघांनी चपला काढून मांडी घातली. मला वाटलं, जिंकलं.

नानाभाऊंनी कप खाली ठेवला. "ताई, समजलं. तो कोनालेच लागत नाही. मंग तुमाले कसा सापडला?"

सगळ्या नोकरीत मला विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. परदेशातल्या परिषदेत कुणी विचारला असता तर मी खुश झाले असते.

"कधीतरी... एखादा लागतो," मी म्हटलं. "बर्फात. फार क्वचित."

"म्हनजे लागते."

"फार म्हणजे फारच क्वचित, नानाभाऊ."

"बर्फाले लागते. मंग झाडाले कावून नाही लागनार?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'नाही' म्हटलं असतं. एक शब्द. सगळं तिथेच मिटलं असतं. पण माझ्या तोंडाला जन्मभराचं वळण होतं. शून्य नसलेल्या गोष्टीला शून्य म्हणायचं नाही, हेच तर मी शिकले आणि शिकवलं होतं.

"तत्त्वतः शक्यता आहे," मी म्हणाले. "पण ती इतकी कमी आहे की..."

'की'नंतरचं कुणी ऐकलं नाही. 'शक्यता आहे' एवढंच अंगणभर झालं. "पाहा, बाईच म्हनून राहिली!" "मी तं पहिलेच म्हनलं होतं!" "पेपरवाले काय खोटं छापतीन?" मागे कुणीतरी नुकसानभरपाई कोणाकडे मागायची हेही काढलं. मी हात वर करून, एखादा न्यूट्रिनो कधीकाळी झाडाला धडकला तरी त्याने देठ सुटत नाही, असं सांगत होते. माझा आवाज माझ्याच कानावर येत नव्हता.

दादा तोवर ओट्यावर खांबाला टेकून उभा होता. तो खाली आला. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही.

"थांबा," तो म्हणाला. "इथं सगळ्यात जास्त गळ कोनाच्या बागेत हाये?"

सगळ्यांना माहीत होतं.

"माह्या. अर्धी बाग खाली हाये माही. तिच्या किरनानं नुसकान झालं असंन, तं पहिला दावा माहा लागते. का नाही, नानाभाऊ?"

"लागते," नानाभाऊ म्हणाले.

"मी दावा करत नाही. मी म्हनतो तिचा काई संबंध नाही. आता ज्याची माह्याहून जास्त गळली असंन त्यानं उभं राहून बोलावं."

कोणी उभं राहिलं नाही. दादा म्हणाला, "चहा थंडा होऊन राहिला," आणि आत निघून गेला. लोक हळूहळू उठले. नानाभाऊ जाताना माझ्यापाशी थांबले, म्हणाले, "वाईट नोका मानू ताई, इचारा लागते." मी वाईट मानलं नव्हतं. मला फक्त बसावंसं वाटत होतं.

रात्री दादा जेवताना माझ्याशी बोलला नाही. मला मदत करून तो चिडला होता, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी फळझाडांचे एक जाणकार, लांडे साहेब, अकोल्याहून आले. त्यांना मीच फोन केला होता. जाड चष्मा, गमबूट, हातात छोटी कुदळ. त्यांनी भाषण केलं नाही. नानाभाऊंच्या बागेत एका झाडाखालची माती उकरली, बारीक मुळी चिमटीत धरून ओढली. वरची साल मोज्यासारखी हातात आली. आत तपकिरी, कुजका वास.

"मुळं सडली," ते म्हणाले. "इतके दिवस पाणी साचलं, बुरशी लागली. झाड फळं सांभाळील कशानं? चर खणा, पाणी काढा, खाली पडलेली फळं उचलून पुरा. औषध मी लिहून देतो."

सगळे वाकून बघत होते. नानाभाऊ सरळ होत म्हणाले, "हे तं आमाले माहीतच होतं."

त्या दिवसापासून न्यूट्रिनो आरोपातून सुटले. गावात चर खणले गेले. पुढच्या वर्षी गळ पुष्कळ कमी झाली. जी थोडी झाली तिचा संशय आता मोबाइलच्या टॉवरवर आहे. टॉवर शहाणा आहे; त्याने अजून काहीही खुलासा केलेला नाही.

आणि माझी आकाशगंगा? ती त्या भडक्यानंतर निवली ती निवलीच. तिच्या दिशेने पुन्हा तसा जोरकस न्यूट्रिनो माझ्या नोकरीत आला नाही. दरम्यान दुसऱ्या एका गटाने दुसऱ्याच, बऱ्याच जवळच्या, सक्रिय आकाशगंगेकडून आलेले न्यूट्रिनो दाखवले. तिचा झोत आपल्याकडे नव्हताही, आणि तरी पुरावा आमच्यापेक्षा भक्कम. मी त्यांचं अभिनंदन केलं, मनापासून केलं, आणि मग दार लावून अर्धा दिवस कुणाशी बोलले नाही. आमचा तो 'संकेत' अजून 'संकेत'च आहे. व्यंकट म्हणतो, आणखी वीस वर्षांत कळेल. व्यंकट माझ्याहून लहान आहे, त्याला असं बोलायला काय जातं.

समितीतले, परिषदेतले, पेपरातले सगळे प्रश्न मी विसरत चालले आहे. लांडे साहेब येऊन गेल्यावर, दक्षिणेला परत निघायच्या दिवशी सकाळी, दादाने विचारलेला तेवढा लक्षात राहिला आहे.

आम्ही दोघं बागेत खाली पडलेली संत्री वेचत होतो. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये टाकायची आणि बांधावरच्या खड्ड्यात नेऊन पुरायची. पाऊस थांबला होता, माती पायाला धरत होती. दादाने एका क्रेटमध्ये काठापर्यंत फळं भरली. मग इकडेतिकडे बघून, खाली वाकलेला असतानाच म्हणाला, "आता इथं कोनी नाही. लांडे साहेबाईचंही ऐकलं मी. पन तू सांग. खरंच काई नाही ना?"

त्या अंगणात मला एकटं उभं राहू न देता हा माणूस सगळ्या गावापुढे छातीठोक बोलला होता, आणि त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. अर्धी बाग गेलेली असताना, मला विचारायच्या आधीच त्याने माझी बाजू घेऊन टाकली होती.

'तत्त्वतः' हा शब्द माझ्या ओठापर्यंत आला.

"नाही, दादा," मी म्हटलं. "काही नाही."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

तो सरळ उभा राहिला. माझ्याकडे नीट बघत राहिला, लहानपणी बघायचा तसा.

"खोटं बोलून राहिली तू," तो म्हणाला. "शंभर टक्के तू कधी म्हनतच नाही." मग तो हसला, कितीतरी दिवसांनी. "पन बरं केलं. धर तिकडून."

मी क्रेटची दुसरी बाजू धरली.